बॅटरी काढून लावली की गाडीला ‘कंपनीचा लॅपटॉप’ लागतो का?

नुसती बॅटरीची वायर काढून परत लावली, एवढ्यासाठी गाडी शोरूमला नेऊन कॉम्प्युटर रीसेट करून घ्यावा लागत नाही. आपल्या रस्त्यांवरच्या बहुतेक पेट्रोल, सीएनजी आणि डिझेल गाड्यांना हे लागू आहे. काही अपवाद आहेत, ते पुढे येतीलच. तरी हा प्रश्न दर पावसाळ्यात नव्याने निघतो, कारण बॅटरी काढल्यावर काहीतरी होतं हे खोटं नसतं. आयडलिंग वरखाली होतं, सिग्नलला एसी चालू असताना गाडी बंद पडते, स्टिअरिंगचा पिवळा दिवा लागून राहतो, ड्रायव्हरची काच एका झटक्यात वर जात नाही. मग कोणीतरी सांगतो, "ईसीएमचं प्रोग्रॅमिंग उडालं, लॅपटॉप लावावा लागेल." ईसीएम म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर. त्याचं प्रोग्रॅमिंग जागच्या जागी असतं. गेलेली असते ती वेगळीच गोष्ट.

काय पुसतं, काय पुसत नाही

ईसीएममध्ये मेमरी दोन तऱ्हेची असते. एक कायमची. इंजिन चालवणारा मूळ प्रोग्रॅम, इमोबिलायझरला (अनोळखी चावीने इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा) ओळखीच्या असलेल्या चाव्या, डिझेल इंजिनातल्या इंजेक्टरचे कोड, एअरबॅगची नोंद, मीटरमधले एकूण किलोमीटर हे सगळं तिथे असतं. बॅटरी वर्षभर काढून ठेवली तरी यातलं काही जात नाही. "बॅटरी उतरली म्हणून चावीचं कोडिंग गेलं" असं कोणी म्हणालं, तर आधी व्होल्टेज तपासा आणि दुसऱ्या चावीने सेल्फ मारून पाहा. चाव्यांचं कोडिंग लागतं ते ईसीएम बदलला, नवीन चावी बनवली किंवा इमोबिलायझरचा भाग बदलला तर.

दुसरी मेमरी सतत मिळणाऱ्या १२ व्होल्टवर जगते. फ्यूज बॉक्समध्ये ‘बॅकअप’ किंवा ‘ईसीयू-बी’ अशा नावाचा फ्यूज असतो, तो बहुधा हिच्यासाठी. इंजिन चालता चालता ईसीएमने स्वतः शिकलेले आकडे इथे साठतात: मिश्रणात पेट्रोल किती कमी-जास्त करायचं, आयडलिंगला थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) किती उघडा ठेवायचा, एसीचा लोड आला की किती हवा वाढवायची. घड्याळ, रेडिओची स्टेशनं, ट्रिप मीटर, अॅव्हरेजचा आकडा, काचेची वरची हद्द हेही याच प्रकारातलं. पुसतं ते एवढंच, आणि यातलं बहुतेक गाडी पुन्हा आपोआप शिकते.

बऱ्याच नव्या गाड्यांत तर शिकलेले आकडेसुद्धा इग्निशन बंद केल्यावर कायमच्या मेमरीत लिहून ठेवले जातात. म्हणून शेजाऱ्याच्या गाडीची बॅटरी काढली तरी काही झालं नाही आणि तुमची मात्र आठवडाभर कुरकुरली, असं घडू शकतं. इथेच एक पथ्य निघतं. इग्निशन बंद केल्यावर ईसीएम लगेच झोपत नाही. आकडे लिहून होईपर्यंत, थ्रॉटल आणि टर्बोचे अॅक्च्युएटर जागेवर येईपर्यंत तो जागा असतो. चावी काढून पाच मिनिटं थांबा, मग टर्मिनलला हात लावा. डीईएफ, म्हणजे युरियाचं पाणी लागणाऱ्या बीएस-६ डिझेलमध्ये हे जास्तच पाळायचं. इंजिन बंद झाल्यावर तिथला पंप नळीतला युरिया मागे ओढून घेत असतो. मध्येच वीज तोडली तर तो नळीत आणि नोझलमध्ये राहून सुकतो, त्याचे खडे होतात, आणि मग खर्च ‘रीसेट’चा राहत नाही.

आयडलिंग बिघडतं ते नेमकं कशामुळे

बॅटरी काढल्यानंतरच्या तक्रारींत ही सगळ्यात मोठी, आणि सगळ्यात जास्त चुकीची समजलेली.

थ्रॉटल बॉडीतली गोल पाकळी बंद असताना तिच्या कडेला जी बारीक फट राहते, तिच्यातून आयडलिंगची हवा जाते. क्रँककेसमधून येणारी तेलाची वाफ आणि धूळ मिळून त्या कडेवर काळा चिकट थर धरतो. फट हळूहळू बुजते. ईसीएमला दिसतं की आरपीएम ७५० ऐवजी ७०० वर घसरतोय. तो पाकळी केसभर जास्त उघडतो आणि तो आकडा लक्षात ठेवतो. पुढच्या महिन्यात आणखी केसभर. चालवणाऱ्याला काहीच जाणवत नाही.

आता बॅटरी काढली. लक्षात ठेवलेला आकडा गेला आणि ईसीएम कारखान्यातून आलेल्या मूळ आकड्यावर परतला. तो आकडा स्वच्छ थ्रॉटलसाठी आहे. तुमच्या थ्रॉटलवर साठ हजार किलोमीटरचा काळा थर. हवा कमी पडते, आरपीएम ५०० पर्यंत घसरतो, एसीचा कॉम्प्रेसर पकडला की गाडी बंद. स्कॅनरने बिघाडाचा कोड काढला तर बऱ्याचदा पी०५०६ निघतो, म्हणजे आयडलिंग अपेक्षेपेक्षा कमी. बिघाड आधीचाच होता. बॅटरी काढल्यामुळे त्याच्यावरचं पांघरूण निघालं, इतकंच. शोरूममध्ये लॅपटॉप लावून ‘रीसेट’ केलं तरी थर तसाच राहतो, त्यामुळे पुढच्या वेळी बॅटरी काढली की तोच तमाशा. दर वेळी हे होत असेल तर सगळ्यात आधी थ्रॉटल बॉडी उघडून पाहा.

उलटंही होतं. सर्व्हिसिंगला थ्रॉटल बॉडी चकाचक केली आणि बॅटरी काढलीच नाही. ईसीएम अजून जुन्याच आकड्याने पाकळी जास्त उघडतोय. आयडलिंग १२००–१५०० वर अडकतं आणि पी०५०७ येतो. अशा वेळी पुष्कळ गाड्यांत बॅटरीची निगेटिव्ह दहा-पंधरा मिनिटं काढून ठेवणं हाच उपाय असतो. लोक ज्याला घाबरतात तेच इथे औषध.

साफ करताना: इग्निशन बंद, एअर फिल्टरपासून येणारा रबरी पाइप क्लॅम्प सैल करून काढा. थ्रॉटल बॉडी क्लीनर नावाचा स्प्रे घ्या. कार्ब्युरेटरचा जहाल स्प्रे नको, कारण अनेक थ्रॉटल बॉडींच्या आतून पातळ लेप असतो आणि तो निघाला तर आयडलिंग कायमचं चुकतं. स्प्रे थेट आत न मारता मऊ फडक्यावर मारा आणि पाकळीची कड, तिच्यामागचा भाग, आतली भिंत पुसा. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल, म्हणजे अॅक्सिलरेटरची केबल तिथपर्यंत येत नसेल, तर पाकळी बोटाने जोर लावून उघडू नका, आतले प्लास्टिकचे दाते तुटतात. इग्निशन चालू असताना तर बोट आत घालूच नका. पाइप परत बसवताना तो पूर्ण आत गेलाय आणि क्लॅम्प खाचेतच बसलाय हे पाहा. तिथून हवा ओढली गेली तर आयडलिंग पुन्हा बिघडेल आणि दोष परत बिचाऱ्या बॅटरीवर येईल.

पुन्हा शिकवायचं कसं

मॅन्युअलमध्ये तुमच्या गाडीची पद्धत दिली असेल तर तीच वापरा. नसेल तर ही सर्वसाधारण पद्धत बहुतेक पेट्रोल गाड्यांना चालते.

एसी, ब्लोअर, दिवे, म्युझिक, मागच्या काचेचा डीफॉगर सगळं बंद. अॅक्सिलरेटरवर पाय नको. इग्निशन ‘ऑन’ करून अर्धा मिनिट थांबा, बंद करा, पंधरा सेकंद थांबा, पुन्हा एकदा तसंच. यात ईसीएम पाकळीची पूर्ण बंद जागा तपासतो. शांतता असेल तर बॉनेटखालून बारीक टिकटिक ऐकूही येते. मग सेल्फ मारा आणि रेस न देता इंजिन गरम होऊ द्या, रेडिएटरचा पंखा लागून बंद होईपर्यंत. त्यानंतर एसी लावून पाच मिनिटं. ऑटोमॅटिक असेल तर ब्रेकवर घट्ट पाय, हँडब्रेक ओढलेला आणि ‘डी’मध्ये आणखी दोन-तीन मिनिटं. हे सगळं उघड्यावर करा, बंद गॅरेजमध्ये नाही.

पुढचे वीस-पंचवीस किलोमीटर मिश्र चालवा. थोडं गावातलं, थोडं एका वेगाने, आणि दोन-चार वेळा गिअरमध्येच अॅक्सिलरेटर सोडून गाडी हळू होऊ द्या. पहिल्या दिवशी पिकअप थोडा जड वाटेल, अॅव्हरेजचा आकडा काहीच्या बाही दिसेल. हे चालायचंच.

होंडाची ठरलेली पद्धत थोडी वेगळी आहे: सगळा लोड बंद ठेवून ३००० आरपीएमवर पंखा लागेपर्यंत धरायचं, मग पाय काढून पाच मिनिटं आयडलिंगला सोडायचं. निस्सानच्या अनेक पेट्रोल इंजिनांना स्वतंत्र ‘आयडल एअर व्हॉल्यूम लर्निंग’ लागतं. ते स्कॅनरने होतं, तसंच पॅडल ठरावीक क्रमाने दाबूनही होतं, पण त्यात सेकंदांचा हिशेब इतका काटेकोर आहे की समोर घड्याळ ठेवूनही पहिल्या फेरीत क्वचितच जमतं. तिथे स्कॅनरवाल्याकडे जायला काही कमीपणा नाही.

सीएनजीवाल्यांसाठी वेगळी सूचना. बाहेरून बसवलेल्या सिक्वेन्शियल किटचा ईसीएम पेट्रोलच्या ईसीएमकडून इंजेक्टर किती वेळ उघडायचा ते घेतो आणि त्यावर आपला हिशेब करतो. किटचा मॅप पुसला जात नाही, पण पेट्रोलचे शिकलेले आकडे पुसले असले तर गॅसवरही मिसिंग येतं. म्हणून बॅटरी लावल्यावर आधी स्विच पेट्रोलवर ठेवून शिकवणं पूर्ण करा, किमान तेवढे वीस किलोमीटर, आणि मग गॅसवर या. टाकीत पेट्रोल काट्याखाली ठेवणाऱ्यांना हे नेमकं तेव्हाच आठवतं.

डिझेलला आयडलिंगची हवा अशी शिकावी लागत नाही, त्यामुळे तिथे ही तक्रार जवळजवळ नसतेच. डिझेल बॅटरी काढल्यावर अडखळत असेल तर टर्मिनल, मोठा फ्यूज किंवा डिझेल लाइन बघा.

दुसरा गुन्हेगार: अर्धमेली बॅटरी

डॅशबोर्डवर एकाच वेळी एबीएस, स्टिअरिंग, एअरबॅग, चेक लाइट असे चार-पाच दिवे दिसले की लोक ‘कॉम्प्युटर गेला’ म्हणतात. चार मॉड्यूल, म्हणजे या वेगवेगळ्या यंत्रणांचे छोटे कॉम्प्युटर, एकाच सकाळी मरत नाहीत. सगळ्यांना जोडणारी एकच गोष्ट म्हणजे व्होल्टेज. सेल्फ मारताना ते फार पडलं की मॉड्यूल मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू होतात, एकमेकांशी बोलणं तुटतं, आणि यू०१०० सारखे संपर्क तुटल्याचे कोड किंवा पी०५६२, म्हणजे व्होल्टेज कमी, असे कोड साठतात.

साध्या मल्टिमीटरने पाहा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत बॅटरीवर १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा, बाकी निदान नंतर. सेल्फ मारताना दुसऱ्या कोणाला मीटर बघायला सांगा: आकडा ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरी किंवा जोडणी कमजोर. इंजिन चालू झाल्यावर १३.८ ते १४.५ च्या दरम्यान असावा. काही नव्या गाड्यांत अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र, ईसीएमच्या हुकुमाने चालतो. तिथे आकडा मधूनच १३ च्या आसपास येतो, ते बिघाडाचं लक्षण नाही.

बॅटरी भरलेली असून सेल्फ फक्त ‘कट्-कट्’ करतोय? मीटरचं एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर, दुसरं तिला धरणाऱ्या क्लॅम्पवर ठेवून सेल्फ मारायला सांगा. दोन दशांश व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर क्लॅम्प सैल आहे किंवा मध्ये थर आहे. हीच चाचणी निगेटिव्ह खुंटी आणि इंजिन ब्लॉक यांच्यामध्ये घ्या. तिथे अर्ध्या व्होल्टच्या वर जात असेल तर अर्थिंगची वायर खराब. कोकणात आणि गोव्यात ही अर्थिंगची पट्टी बॉडीला जिथे बोल्टने बसते तिथे गंजलेली सापडते. वरून रंग चांगला दिसतो, बोल्ट काढल्यावर खाली तांबडी भुकटी.

काढायची कशी

चावी हातात ठेवा, एक काच पूर्ण खाली करा. वीज परत आल्यावर काही गाड्या स्वतःच लॉक होतात, आणि चावी आत असली तर पुढचं सांगायला नको. बॅटरी डिकीत असेल आणि डिकीचं लॅच विजेवर असेल, तर बॅटरी सुटलेली असताना डिकी मिटू नका. जुन्या स्टिरिओला कोड लागत असेल तर तो आधी शोधून ठेवा. तो मॅन्युअलच्या पाकिटातल्या कार्डावर असतो.

इग्निशन बंद, पाच मिनिटं थांबा. बहुतेक जपानी आणि कोरियन गाड्यांत दहा नंबरचा पाना लागतो. आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह. लावताना उलट: आधी पॉझिटिव्ह, शेवटी निगेटिव्ह. याचं कारण साधं आहे. निगेटिव्ह जोडलेली असताना पॉझिटिव्हवरचा पाना चुकून बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट होतो, आणि पाना जागेवर वेल्ड झालेलाही पाहायला मिळतो. निगेटिव्ह क्लॅम्पवर छोटी काळी पेटी आणि बारीक वायरचा प्लग असेल तर तो बॅटरी सेन्सर. तो क्लॅम्प स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका, हाताने हलवत वर काढा.

खुंटीवर पांढरा-हिरवा थर असेल तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून ब्रशने धुवा, कोरडं करा. मग क्लॅम्प कसून वरून व्हॅसलीनचा पातळ हात. कसल्यावर क्लॅम्प हाताने फिरता कामा नये, पण लांब पान्याने जीव काढून आवळायचाही नाही, शिसं मऊ असतं. निगेटिव्ह शेवटची लावताना एकदाच ठामपणे टेकवा. टेकव-काढ-टेकव करत ठिणग्या पाडत बसलं की मॉड्यूल अर्धवट चालू-बंद होतात, आणि इथे मात्र उगाचचे कोड खरंच साठतात.

बॅटरी बदलत असाल तर जुन्या बॅटरीवरचा नंबर शेवटच्या अक्षरासकट वाचा. ३८बी२०एल आणि ३८बी२०आर यांचं माप एकच, पण पॉझिटिव्ह-निगेटिव्हच्या बाजू उलट. शेवटी ‘एस’ असेल तर खुंटी जाड. चुकीच्या बाजूची घेऊन वायर ताणून बसवली, किंवा घाईत उलटी जोडली, तर मुख्य फ्यूज आणि अल्टरनेटरचे डायोड जातात. त्याला कुठलंच रीसेट नाही.

लावल्यावर एकेक करून

काच: इंजिन चालू ठेवा, काच पूर्ण खाली, मग स्विच ओढून धरत पूर्ण वर न्या आणि वर गेल्यावरही पाच सेकंद धरून ठेवा. एक-दोनदा केलं की ‘ऑटो’ परत येतं. तोपर्यंत मध्ये हात आला तर काच थांबवणारी सोय चालत नाही, म्हणून मुलांना लांब ठेवा. सनरूफचंही बहुधा असंच: बटण धरून ठेवायचं, ती एक फेरी स्वतः करते.

स्टिअरिंग किंवा ईएसपीचा (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) दिवा: इंजिन चालू, गाडी उभी. चाक पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, मग सरळ. इग्निशन बंद करून पुन्हा चालू करा आणि सरळ रस्त्यावर २०–३० च्या वेगाने शे-दोनशे मीटर जा. बहुतेकांचा दिवा इथेच जातो. अलाइनमेंट करून स्टिअरिंग वाकडं राहिलं असेल किंवा स्टिअरिंग कॉलमचं काम झालं असेल, तर शून्य जागा स्कॅनरने शिकवावी लागते. दोष तेव्हाही बॅटरीचा नसतो.

एएमटी, म्हणजे क्लच आणि गिअर स्वतः बदलणारा गिअरबॉक्स: मारुतीच्या एजीएस या एएमटीमध्ये क्लच आणि गिअर विजेच्या पंपाने तयार होणाऱ्या तेलाच्या दाबावर चालतात. ड्रायव्हरचं दार उघडलं की बॉनेटखालून ‘झूं’ असा आवाज येतो, तो हा पंप. बॅटरी लावल्यावर तो पूर्ण थांबू द्या, मग ब्रेक दाबून सेल्फ मारा. घाई केली किंवा बॅटरी कमजोर असली की डिस्प्लेवर ‘एन’ लुकलुकतो आणि गिअर पडत नाही. क्लच प्लेट किंवा अॅक्च्युएटर बदलल्यावर स्कॅनर लागतोच, नुसत्या बॅटरीला नाही.

सिग्नलला आपोआप बंद होणारं इंजिन, म्हणजे स्टार्ट-स्टॉप, एक-दोन दिवस गप्प राहतं. बॅटरी सेन्सरला बॅटरीची हालत नव्याने मोजायची असते, आणि त्यासाठी गाडी बंद असताना निवांत वेळ लागतो. ह्युंदाईच्या मॅन्युअलमध्ये इग्निशन बंद ठेवून सुमारे चार तास असं दिलेलं आहे. रात्रभर उभी राहू द्या, सकाळी बघा.

बाहेरून बसवलेला अलार्म बॅटरी लावताक्षणी बोंबलतो. त्याचा रिमोट जवळ ठेवा. रिमोट हरवला असेल तर डॅशबोर्डखाली दडवलेला छोटा स्विच असतो, इग्निशन ‘ऑन’ करून तो दाबायचा. ‘गाडी सुरूच होत नाही, ईसीएम गेला’ म्हणून टो करून आणलेल्या गाड्यांत हा अलार्म लॉक झालेला निघणं नवीन नाही.

स्कॅनर खरंच लागतो ते प्रसंग

बीएमडब्ल्यू आणि तिच्या पठडीतल्या काही युरोपियन गाड्यांत नवीन बॅटरी बसवली की ती गाडीत नोंदवावी लागते. गाडी जुन्या बॅटरीच्या वयानुसार चार्जिंग वाढवत गेलेली असते. नोंद केली नाही तर नवीन बॅटरीलाही जुनीसारखंच चार्ज करत राहते आणि तिचं आयुष्य कमी होतं. गाडी सुरू होते, चालते, म्हणून लोक विसरतात. तीच बॅटरी काढून लावली असेल तर नोंदीचा प्रश्नच नाही.

एअरबॅगचा दिवा: सीटखालचा किंवा स्टिअरिंगचा पिवळा प्लग सुटलेला असताना कोणी इग्निशन चालू केलं, तर कोड साठतो आणि तो बॅटरी काढून जात नाही. या पिवळ्या प्लगना हात लावायचा असेल तर बॅटरी काढून टोयोटाने ९० सेकंद, होंडाने तीन मिनिटं थांबायला सांगितलंय. सगळ्याच गाड्यांना तीन मिनिटांचा नियम लावा.

थ्रॉटल बॉडी बदलली, जुन्या फोक्सवॅगन-स्कोडामध्ये थ्रॉटल साफ केला, डिझेलचा इंजेक्टर बदलला, ईसीएम बदलला: इथे लॅपटॉप लागतो. पण लॅपटॉप म्हणजे शोरूमच, असं नाही. बऱ्यापैकी स्वतंत्र गॅरेजमध्ये आता अनेक ब्रँडना चालणारा स्कॅनर असतो. पैसे देण्याआधी एवढंच विचारा: कुठल्या मॉड्यूलमध्ये कुठला कोड आहे, आणि रीसेट म्हणजे नेमकं काय करणार? उत्तर ‘सिस्टीम रीसेट’ एवढंच आलं तर तो फक्त कोड पुसणार आहे. ते काम काही शे रुपयांचं, गाडीच्या तपासणी सॉकेटमध्ये लावायचं ओबीडी ब्लूटूथ यंत्र आणि मोबाइल करतो.

हायब्रिड आणि इलेक्ट्रिकमध्येही साधी १२ व्होल्टची बॅटरी असते आणि वरचे नियम तिला लागू होतात. पण गाडी ‘रेडी’ असताना किंवा चार्जिंगला लावलेली असताना ती काढू नका, आणि जास्त व्होल्टेजच्या नारिंगी वायरपासून हात लांब.

ज्याने कॉम्प्युटर खरंच जातो

रस्त्यावरचा एक जुना प्रयोग: इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढायची, गाडी चालू राहिली तर ‘डायनॅमो’ चांगला. कार्ब्युरेटरच्या जमान्यात हे खपून जायचं. आज नाही. बॅटरी ही अल्टरनेटरच्या विजेतले झटके गिळत असते. ती अचानक सुटली की अल्टरनेटरचं व्होल्टेज क्षणभर कित्येक पटींनी उसळतं, आणि ईसीएम, एबीएस, मीटर यांपैकी काहीही जळू शकतं. कोणी इंजिन चालू असताना पाना घेऊन बॅटरीकडे निघाला तर त्याला तिथेच थांबवा. अल्टरनेटर मल्टिमीटरने तपासतात.

चेक लाइट घालवायला बॅटरी काढणंही थांबवायला हवं. दिवा जातो, कारण तसंच राहतं, आणि त्या बिघाडाच्या वेळी ईसीएमने टिपलेला तपशील, म्हणजे वेग, तापमान, लोड, हेही जातं. मिस्त्रीला त्याचाच उपयोग असतो. आपल्याकडची पीयूसी धूर मोजते, मेमरी बघत नाही, त्यामुळे हे खपतं. कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांनी मात्र स्मॉग टेस्टच्या, म्हणजे तिथल्या प्रदूषण तपासणीच्या, आदल्या दिवशी बॅटरीला हात लावू नये. तिथे गाडी स्वतःच्या आत ज्या तपासण्या करते त्या पूर्ण झाल्यात का हेही बघतात, आणि बॅटरी काढली की त्या सगळ्या ‘अपूर्ण’ दिसतात. २००० सालापासूनच्या पेट्रोल गाडीला फक्त पेट्रोलच्या वाफेची तपासणी अपूर्ण असलेली चालते.

दर आठवड्याला काढावी लागत असेल तर

मग प्रश्न रीसेटचा नाही. वीज कुठेतरी गळतेय. उभ्या गाडीत साधारण ५० मिलिअँपिअरपर्यंत खर्च ठीक. ३५ एएचच्या (अँपिअर-तास) बॅटरीला ३० मिलिअँपिअरचा खर्च निम्म्यावर आणायला तीन आठवड्यांहून जास्त घेतो. २०० मिलिअँपिअर असेल तर चार दिवसांत तेच होतं.

मोजायचं असं: मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात, दोन टोकं निगेटिव्ह खुंटी आणि सुटलेल्या निगेटिव्ह क्लॅम्पच्या मध्ये. बॉनेटचं लॅच स्क्रू ड्रायव्हरने मिटवून घ्या, म्हणजे गाडीला बॉनेट बंद वाटेल. दारं बंद, की-लेस चावी घरात. सुरुवातीला आकडा मोठा दिसेल. पाऊण तास थांबा, मॉड्यूल एकेक करून झोपतात आणि आकडा पायरी-पायरीने उतरतो. मीटर मध्ये असताना दार उघडू नका, सेल्फ तर मारूच नका, मीटरचा फ्यूज उडेल. आकडा वरच राहिला तर फ्यूज उपटायच्या आधी प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या टोकांवर मिलिव्होल्ट मोजा. शून्य नसेल त्या वाटेने वीज जातेय. फ्यूज उपटला की झोपलेलं मॉड्यूल जागं होतं आणि पुन्हा पाऊण तास. संशयित नेहमीचेच: थेट वायरने जोडलेला डॅशकॅम, डिकीतला अॅम्प्लिफायर, जीपीएस ट्रॅकर, तोच अलार्म, आणि न विझणारा डिकीचा दिवा. यातलं काहीच नसेल तर अल्टरनेटरची जाड वायर बाजूला करून पुन्हा मोजा. आकडा तिथे पडला तर आतला डायोड गळतोय.